चाळीसचा वारा

ग्रीसमधल्या सिफनोस बेटाच्या कामारेस बंदरात आमची दुपारची जेवणं अर्ध्यावर आली होती. कप्तानाने एकदा डोंगराकडे पाहिलं, एकदा पाण्याकडे, आणि ताटं आवरून घ्या म्हणाला. घाबरण्यासारखं काही दिसत नव्हतं. आकाश निळंशार, ढगाचा ठिपका नाही. फक्त डोंगरावरून मधूनच वाऱ्याचा एक लोट खाली यायचा, पाण्यावर काळपट सुरकुत्या उठवत बोटीपर्यंत पोचायचा आणि डोलकाठीवरच्या दोऱ्या खडखडायला लागायच्या. 'संध्याकाळी इथं वाढेल. आपण वाथीला जाऊ,' एवढंच त्याने सांगितलं. नांगर वर आला, इंजिन चालू झालं, बेटाच्या कडेकडेने आम्ही दक्षिणेला निघालो आणि चहाच्या वेळेला एका गोल, जवळजवळ बंद अशा खाडीत शिरलो. आत पाणी थांबलेलं. काठाला अगदी पाण्यालगत एक पांढरं चर्च, त्याच्या पायरीवर दोन मांजरं पसरलेली. आप्पा सगळा वेळ मागच्या बाकावर बसून कप्तानाचे हात बघत होते. नांगराच्या साखळीचा आवाज थांबला तेव्हा माझ्याकडे वळून म्हणाले, "बस? एवढंच? उचलली अन् इकडे आणून लावली?"

मी हो म्हटलं. त्यावर ते काही बोलले नाहीत. आईने चहा दिला, तो घेतला, भावाने काढलेल्या फोटोत हसलेही. पण ते 'एवढंच' माझ्या डोक्यातून जाईना. त्यात कौतुक होतं, थोडा राग होता, आणि आणखी एक गोष्ट होती. सत्तरीच्या बापाच्या आवाजात मुलीला ती ओळखू येते, पण तिला नाव द्यायचा धीर होत नाही.

आप्पांची बाग जूनमध्ये आडवी झाली होती.

रावेर तालुक्यात ज्यांची केळी आहे त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. रोहिणी संपत आलेल्या, दिवसभर अंगाची लाही, पाच वाजता सातपुड्याकडून काळं येतं आणि अर्ध्या तासात वर्षाचा हिशेब होऊन जातो. मी दुसऱ्या दिवशी सकाळी जळगावहून गेले तेव्हा बांधावरून आत बघवत नव्हतं. घड कापणीला आलेले, कुठे खोड मधून मोडलेलं, कुठे झाड मुळासकट उपटून शेजारच्या ओळीवर पडलेलं. मोडलेल्या केळीतून पाणी गळत असतं आणि त्याला एक कच्चा, तुरट वास येतो. तो वास मला लहानपणापासून पाठ आहे. आप्पा ओळींमधून फिरत होते, उभी राहिलेली झाडं हाताने हलवून बघत होते. त्यांच्या पांढऱ्या पायजम्यावर केळीच्या चिकाचे डाग पडलेले. ते डाग पुढे काळे होतात आणि कशानेही जात नाहीत. आईने नंतर तो पायजमा टाकला नाही, पोछ्याला घेतला.

आणि त्याच सुमारास धाकट्या भावाने म्युनिकहून बोटीचे अर्धे पैसे भरून टाकलेले. त्याचं कित्येक महिन्यांपासून चाललं होतं. आप्पांना सत्तर पूर्ण झाली, आई-आप्पांना घेऊन ग्रीसची बेटं बघायची, तीही आगबोटीने नाही, हॉटेलं बदलत नाही, तर शिडाची बोट भाड्याने घेऊन, कप्तान आणि स्वयंपाकीण दोघांसकट. तिकडे एका तळ्यावर शिडाची होडी चालवायला शिकल्यापासून त्याला दुसरा विषय नव्हता. आप्पांची अट एकच होती: "बोट कोणतीही घे, ड्रायव्हर तिथलाच पाहिजे." बाग पडल्यावर मात्र त्यांनी फोनवर सांगितलं, रद्द कर. धाकट्याने करारनामा वाचून दाखवला. भरलेले पैसे परत मिळणार नव्हते, उरलेले निघण्याच्या महिनाभर आधी भरायचे होते. आप्पा व्यवहारी माणूस. गेलेला पैसा वसूल करायचा तर जाऊन यायचं, असा हिशेब त्यांनी मांडला. पडलेल्या बागेवरही ते असाच हिशेब मांडतात. जेवढे घड विकता येतील तेवढे विकायचे, बाकीचं खोड कापून शेतातच कुजवायचं.

जायचं ठरलं तरी आमच्या खानदेशातली देवी कानबाई उठल्याशिवाय आई घराबाहेर पाऊल टाकायला तयार नव्हती. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसली, रोट झाले, सोमवारी नदीवर विसर्जन झालं, आणि मग ती म्हणाली, आता कुठे न्यायचं तिथं न्या. बोटीवर कडक सूटकेस चालत नाही, कारण रिकामी झाली की ती ठेवायला जागा नसते. घडी होणाऱ्या पिशव्याच आणा, असं कंपनीने कळवलं होतं. आईला ते फार पटलं. तिने तीन कापडी पिशव्या भरल्या, त्यातल्या एकीत नुसते बिबडे (ज्वारीचे पापड), शेव आणि लसणाची चटणी. त्याआधी एक भलामोठा फॉर्म आला होता: काय खाता, काय खात नाही, सकाळी चहा की कॉफी, कुणाला गुडघेदुखी, कुणाला पोहता येतं. पोहता येतं या रकान्यापुढे आप्पांनी 'विहिरीत' असं लिहायला सांगितलं. धाकट्याने खरंच तसं लिहिलं.

भाड्याशिवाय आणखी एक रक्कम आधीच द्यावी लागते. बोटीवरचं खाणंपिणं, डिझेल, बंदराची फी, पाणी भरणं, हे सगळं कप्तान त्यातून करतो, पावत्या ठेवतो आणि शेवटच्या दिवशी हिशेब देऊन उरलेले परत करतो. भाड्याच्या पाव हिश्शापासून वर ही रक्कम जाते. धाकटा तिचं इंग्रजी नाव पुन्हा पुन्हा सांगत होता. आप्पा म्हणाले, "उचल म्हण ना मग." पुढे रोज संध्याकाळी कप्तान वही उघडून बसला की आप्पा चष्मा लावून शेजारी. पावत्यांवरची अक्षरं ग्रीक, पण आकडे तेच. पावती उजेडाकडे धरायची, बेरीज तोंडाने पुटपुटायची, आणि जुळली की वहीवर बोट टेकवायचं. तिसऱ्या की चौथ्या संध्याकाळी कप्तान स्वतःच वही त्यांच्याकडे सरकवायला लागला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती आणि त्याचं दोघांनाही काही वाटत नव्हतं.

बोटीचे नियम आईने एका दुपारी आत्मसात केले. पादत्राणं धक्क्यावरच काढून टोपलीत टाकायची, हे तर आपल्या घरचंच. पाणी टाकीतलं, म्हणून अंग ओलं करायचं, नळ बंद, साबण, मग पुन्हा नळ. ज्या गावात नळाला दोन-तीन दिवसांआड पाणी येतं तिथल्या बाईला हे कुणी शिकवायचं? स्वयंपाकिणीने टाकीचा काटा बघून धाकट्याला विचारलं, तुमच्याकडची माणसं आंघोळ करतात ना? श्रावण असल्याने आमचा सगळा कारभार शाकाहारी, आणि तिकडे त्याची अडचण बिलकूल पडली नाही. चण्यांचं मातीच्या भांड्यात रात्रभर शिजवलेलं कालवण ही सिफनोसची खासियत, रविवारची. पिवळ्या डाळीचं घट्ट वरण, भात भरून भाजलेले टोमॅटो. एकदा भाजलेल्या वांग्याचं लसूण-लिंबू घातलेलं काहीतरी आलं, ते चाखून आई म्हणाली, वांगं भाजलंय चांगलं, मिरचीला घाबरलीय बाई.

मी शाळेत भूगोल शिकवते. खारे वारे आणि मतलई वारे मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढत आले आहे: दिवसा समुद्राकडून जमिनीकडे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे, बाण, बाण, बाण. समोरच्या पोरांनी समुद्र पाहिलेला नसतो, आणि खरं सांगायचं तर त्यांना वारा म्हटलं की आठवतं ते वेगळंच असतं. ज्याच्या घरी केळी आहे तो मुलगा वाऱ्याच्या धड्याला खिडकीबाहेर बघतो. माझ्या लहानपणी मेच्या शेवटी संध्याकाळी पत्रा वाजला की घरातलं बोलणं थांबायचं. आई देवाजवळ दिवा लावायची आणि वात हलते का बघायची. आप्पा ओट्यावर जाऊन उभे राहायचे. बागेच्या कडेने आजोबांनी शेवरी लावलेली, नंतर आप्पांनी तिला जोड म्हणून गजराज गवताची भिंत उभी केली. घड निसवला की झाडांना पट्ट्या बांधायच्या. याहून जास्त करण्यासारखं काही नसतं.

आणि इथे आम्ही वारा विकत घेतला होता.

पहिल्या रात्री, सुनिओच्या भुशिराखाली नांगर टाकलेला असताना, कप्तानाने जेवणाच्या टेबलावर फोन ठेवून उद्याचा नकाशा दाखवला. निळ्या-हिरव्या रंगांवर पिवळसर पट्टा सरकत होता. 'अठरा नॉट. सुंदर दिवस!' धाकट्याने टाळी वाजवली. आप्पांनी हळूच स्वतःचा फोन काढला. तेच अॅप, तेच रंग, फक्त त्यांच्या पडद्यावर आमचं गाव आणि आकडे किलोमीटरमध्ये. एक नॉट म्हणजे ताशी 1.852 किलोमीटर, हे मी सांगितलं. त्यांनी मनात गुणलं. "तेहेतीस," ते म्हणाले, आणि हातातला पाव ताटात ठेवला. विमा लागू व्हायला चाळीस लागतात. आमच्याकडे केळीच्या हवामानावर आधारित विम्यात वाऱ्याच्या वेगाची रेघ ताशी 40 किलोमीटरवर मारलेली आहे. हा आकडा आमच्या घरात पोराबाळांनाही ठाऊक असतो. नंतर मी सहज जुळवून बघितलं. ब्रिटिश आरमारातल्या फ्रान्सिस बोफर्टने 1805 मध्ये वाऱ्याची 0 ते 12 अशी प्रतवारी केली, वाऱ्याचा जोर शिडांवरून ओळखायची सोय म्हणून. ग्रीसमध्ये कोळ्यापासून हॉटेलवाल्यापर्यंत सगळे आजही वारा 'इतके बोफर्ट' असाच सांगतात. त्यातला 6 सुरू होतो ताशी 39 किलोमीटरला. कप्तान म्हणाला होता, सहाच्या वर गेला तर मी आजी-आजोबांना घेऊन बाहेर पडणार नाही, बंदरात पत्ते खेळू. म्हणजे आमच्या विम्याची रेघ आणि त्याच्या पत्त्यांची रेघ जवळपास एकाच जागी. फरक एवढाच की त्याच्याकडे पत्ते खेळायची सोय आहे.

त्या वाऱ्याचं नाव मेल्तेमी. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर तो उत्तरेकडून वाहतो, कोरडा, स्वच्छ आकाशातून, कधीकधी सलग कित्येक दिवस. आप्पांना पहिला धक्का त्याचाच बसला. ढग नाही, वीज नाही, गरम वाफ नाही, मग वारा आला कुठून? मी वहीवर काढून दाखवलं. बाल्कनच्या बाजूला हवेचा दाब जास्त, तुर्कस्तानवर कमी, आणि मधल्या समुद्रावरून हवा दक्षिणेकडे धावते. अॅरिस्टॉटलनेही या वाऱ्यांबद्दल लिहून ठेवलं आहे, इतके ते जुने आणि नेमाचे. आणि तुर्कस्तानवरचा हा कमी दाब काही सुटा नाही. उन्हाळ्यात वायव्य भारत आणि पाकिस्तानवर जो तापलेला कमी दाबाचा पट्टा तयार होतो, जो आपला मान्सून आत ओढायला मदत करतो, त्याचंच टोक इराणवरून लांबत तिथपर्यंत पोचतं. आप्पांनी वही स्वतःकडे ओढून रेघेवरून बोट फिरवलं. "म्हणजे आपलाच म्हण ना." वारा आपला नाही, ओढ आपली, मी म्हटलं. वर्गात असं उत्तर दिलं की पोरं हसतात. ते हसले नाहीत. जरा वेळाने म्हणाले, "हा सांगून येतो. म्हणून याचा पैसा होतो. आपला काही सांगून येत नही."

यात मला भर घालता आली नाही. आपलं वळवाचं वादळ म्हणजे तापलेल्या जमिनीवर फुगलेला ढग आणि त्यातून खाली कोसळणारा गार हवेचा लोट. तो या गावावर पडेल की पलीकडच्या, हे आदल्या दिवशी कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. नकाशात पिवळा पट्टा सगळ्या तालुक्यावर दिसतो, आणि आडवी होते ती चार शेतं.

शिडं उघडली त्या सकाळी आई डोळे मिटून बसली होती आणि आमचे हे कारण नसताना लाइफ जॅकेटच्या पेटीजवळ सरकले होते. इंजिन बंद झालं. पाण्याचा आवाज आला, आणि बोट एका अंगावर झुकली. झुकली म्हणजे खरोखर झुकली, टेबलावरचा डबा घसरत आप्पांच्या पायाशी आला. त्यांनी कठडा धरला, वर शिडाकडे बघितलं, आणि जे बोलले ते कुणाला उद्देशून नव्हतं: "एवढ्यात केयी पडतीन." कप्तानाने धाकट्याला विचारलं, काय म्हणतात? धाकट्याने भाषांतर केलं: एवढ्या वाऱ्यात केळी पडतील. कप्तान पंचेचाळिशीचा, उन्हाने रापलेला माणूस. त्याने सुकाणू धाकट्याच्या हातात दिलं, आप्पांसमोर उकिडवा बसला आणि हाताने दाखवलं: पाण्याखाली पोटाशी जड धातूचा कणा आहे, बोट जितकी झुकते तितका तो तिला खेचून सरळ करतो, आणि झुकली की शिडातून वारा निसटूनही जातो. आप्पांनी मान डोलावली. मग त्यांनीही हाताने दाखवलं. एक खोड, वर घड. पंचवीस-तीस किलो. खाली मुळं, एवढीशी, वरच्यावर पसरलेली. कप्तान बघत राहिला. वजन खाली असलं तर झुकणं चालतं, वजन वर असलं तर झुकला की गेला. हे दोघांनी हातवाऱ्यांनी एकमेकांना सांगितलं, आणि भूगोलाची शिक्षिका म्हणून मी तिथं नुसती बसून होते.

दुपारी वारा वाढला तसा कप्तानाने मोठं शीड थोडं खाली घेऊन त्याचा खालचा भाग बांधून टाकला. बोट सरळ झाली आणि गंमत म्हणजे वेग फारसा कमी झाला नाही. धाकटा म्हणाला, अजून गरज नव्हती. कप्तान म्हणाला, आखडावं का असं मनात आलं की तेव्हाच आखडायचं, मागाहून हात पोचत नाहीत. आप्पांना हे सांगितल्यावर ते केळीच्या पानावर आले. पान एवढं रुंद, वाऱ्याला धरायला तेच शीड. पण ते शिरांच्या मधून फाटत जातं, झिरमिळ्या होतात, वारा त्यातून जातो आणि झाड वाचतं. फाटक्या पानांची बाग बघून शहरातल्या लोकांना वाईट वाटतं. शेतकऱ्याला बरं वाटतं. पानं अखंड आणि खोड मोडलेलं, हे त्यांनी पाहिलेलं आहे. "ते आपल्या आपण आखडतं," ते म्हणाले. "पण घड आला का मग पान फाटूनही उपेग नही."

बोटीचं म्हणाल तर आमचं घराणं पाण्यातलं नाही. लहानपणी महाशिवरात्रीला चांगदेवला जायचो. तापी आणि पूर्णेचा संगम, यात्रेची गर्दी, पलीकडे न्यायला होडी. ती भरेपर्यंत नावाडी सोडायचा नाही आणि भरली की आप्पा माझं मनगट असं धरायचे की उतरल्यावर बोटांचे वळ दिसायचे. आमच्या ह्यांची बोट वेगळी. त्यांना एकदा निवडणुकीची ड्युटी अक्कलकुव्याकडे लागली. राज्यातला 1 क्रमांकाचा मतदारसंघ, आणि सरदार सरोवराच्या फुगवट्याने नर्मदाकाठच्या पाड्यांची वाट पाण्यातून गेलेली. मतदानयंत्रं मांडीवर घेऊन बोटीतून जायचं, आणि दुपारनंतर वारा सुटला की पाणी उसळतं म्हणून सकाळीच निघायचं. तिथल्या बाया डोक्यावर धान्य आणि कडेवर पोर घेऊन त्याच बोटीत उभ्या होत्या, हे ते सांगतात आणि गप्प होतात. त्याच भागातल्या रेलू वसावे या अंगणवाडीताई 2020 मध्ये, टाळेबंदीत, स्वतः होडी वल्हवत पोरांना आणि गरोदर बायांना पोषण आहार पोचवायला जायच्या. त्यांची बातमी तेव्हा सगळीकडे आली होती. ग्रीसमधल्या लाव्रियोच्या धक्क्यावर पांढऱ्याशुभ्र बोटींची रांग बघून हे मला म्हणाले, 'बेटाबेटांनी फिरणं आपल्या नंदुरबारातही चालतं, भाडं तेवढं कमी आहे.' वहिनी हसली, मग तिला कळेना हसावं की नाही.

बेटांबद्दल लिहायचं तर पुष्कळ आहे आणि ते तुम्ही इतरत्र वाचलेलंही असेल. किथनोसच्या कोलोनात वाळूची एक चिंचोळी पट्टी आहे, तिच्या दोन्ही बाजूंना समुद्र. सेरिफोसचं वरचं गाव डोंगराच्या शेंड्यावर पांढरं सांडल्यासारखं दिसतं. त्याच बेटावर 1916 मध्ये लोखंडाच्या खाणकामगारांनी संप केला आणि त्यात चार कामगार मारले गेले, हे कप्तानाने एका गंजलेल्या धक्क्याकडे बोट दाखवून सांगितलं. मला आठवतं ते मात्र लिवादी बंदराच्या मागचं. आम्ही आइस्क्रीम घेऊन रस्त्याने चाललो होतो आणि आप्पा दिसेनात. मागे वळून शोधलं तर एका मळ्याच्या कुंपणाशी उभे. आत टोमॅटो, भोपळ्याचे वेल, दोन-चार लिंबं. आणि उत्तरेच्या बाजूला उंच वेताची, बोरूसारख्या काड्यांची दाट भिंत, माणसाच्या दुप्पट उंच, वाऱ्याने सळसळणारी. तिच्याअलीकडे टोमॅटोचं पानही हलत नव्हतं. आप्पांनी कुंपणातून हात घालून एक काडी वाकवून बघितली, सोडली. आत एक म्हातारी पाणी देत होती, तिने मान वर केली. आप्पांनी त्या भिंतीकडे बोट दाखवून मूठ आवळली, म्हणजे मजबूत आहे. तिने खांदे उडवले आणि पलीकडचा एक मोडलेला तुकडा दाखवला. मग तिने चार टोमॅटो दिले. पैसे घेईना. आप्पांच्या खिशात बिबड्याचा तुकडा होता, चघळायला ठेवलेला, तो त्यांनी पुढे केला. तिने वास घेतला, खाल्ला आणि काहीतरी बोलली. ते काय होतं हे आम्हाला कधीच कळणार नाही.

परतीचा प्रवास अवघड असतो हे आम्हाला आधी कुणी नीट सांगितलं नव्हतं. उत्तरेच्या वाऱ्यावर दक्षिणेला जाणं मजेचं. येताना तोच वारा तोंडावर. शिडाची बोट वाऱ्याच्या थेट समोर जाऊ शकत नाही, डावीकडे तिरकं, मग उजवीकडे तिरकं, असं नागमोडी चढावं लागतं. म्हणून कप्तानाने परतीला सुरुवात लवकर केली, पहाटे अंधारात नांगर उचलला आणि बराच भाग इंजिनवरच काढला. आईला बोट लागली. आल्याचा तुकडा तोंडात धरून, क्षितिजावर नजर लावून ती बसून राहिली, आणि प्रत्येक लाटेला धाकट्याच्या नावाने एक शब्द निघत होता. आप्पा मात्र ठणठणीत. ते डोलकाठीच्या टोकाकडे बघत होते. तिथं तीन छोट्या वाट्या गरागरा फिरत होत्या.

ते काय, त्यांनी विचारलं. वारा मोजायचं यंत्र, धाकटा म्हणाला, तिथं मोजतं आणि इथं पडद्यावर दाखवतं.

"इथला?"

इथला म्हणजे, या बोटीवरचा.

आप्पांनी बराच वेळ पडद्याकडे बघितलं. एकोणीस, एकवीस, अठरा, बावीस. जूनच्या त्या संध्याकाळी आमच्या महसूल मंडळाच्या हवामान केंद्रावर वाऱ्याचा वेग चाळीसच्या खाली नोंदला गेला होता. केंद्र दुसऱ्या गावात. आमच्या शेतावर झाडं मुळासकट निघालेली, शेजारच्या पत्र्याची शेड ओढ्यात जाऊन पडलेली, पण यंत्रावर जे आलं तेच खरं. पंचनाम्याला आलेल्या माणसाने स्वतः तोंड कसंनुसं केलं होतं. 'मला दिसतंय हो, आप्पा. पण आकडा नाही.' कप्तानाला मी हे सगळं समजावून सांगायचा प्रयत्न केला. त्याने विचारलं, मग यंत्र शेतावर का नाही लावत? सोपा प्रश्न होता. आम्ही चौघं शिकली-सवरलेली माणसं एकमेकांकडे बघायला लागलो.

हिशेबाच्या दिवशी उचलीतून उरलेले युरो कप्तानाने मोजून आप्पांच्या हातात ठेवले. आप्पांनी त्यातूनच दोघांची बक्षिसी काढली, धाकट्याने सुचवलेल्या रकमेपेक्षा थोडी जास्त. स्वयंपाकिणीला आईने उरलेली लसणाची चटणी दिली आणि खुणेने बजावलं, एका वेळी एवढीशीच.

दिवाळीत धाकट्याने जर्मनीहून तसलं यंत्र पाठवलं. आप्पांनी ते विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीवर, लोखंडी पाइपाला बांधलं. पडदा खाली भिंतीवर. आता सकाळ-संध्याकाळ शाळेच्या जुन्या वहीत तारीख, वेळ, आकडा. कांदेबागेची, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडावरच्या केळीची, लागवड झालेली आहे, घड यायला वेळ आहे, आणि हिवाळ्यात आमच्याकडे मोजण्यासारखा वारा नसतोच, त्यामुळे पानंच्या पानं नऊ, सहा, अकरा, सात अशी भरलेली. शेजारचे दोघं येऊन बघून गेले. एकाने विचारलं केवढ्याला मिळतं, दुसऱ्याने विचारलं सरकारमान्य आहे का. मागच्या आठवड्यात विम्याचं काम बघणारा तरुण मुलगा आला होता, नम्र आहे बिचारा. म्हणाला, आप्पा, या नोंदीचा क्लेमला उपयोग नाही, केंद्राचाच आकडा धरतात.

"मले माहीत आहे," आप्पा म्हणाले, आणि त्याच्यासमोरच त्या दिवशीचा आकडा वहीत लिहिला. मग त्याला विचारलं, चहा घेतोस का, आणि तुमच्या केंद्राच्या यंत्राला वर्षातून किती वेळा तेल घालतात? त्या मुलाने चहा घेतला. दुसऱ्याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं, पण विचारून सांगतो म्हणाला. आप्पांनी त्याचा नंबर वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून घेतला आहे.